यंत्रारूढाचे उत्तरदायित्व

माणसाच्या हातून काही भयंकर घडले म्हणजे त्याच्या तोंडून बहुधा 'मी केले नाही, माझ्याकडून झाले' असे शब्द निघतात. 'केले' आणि 'झाले' या दोन क्रियापदांत जे अंतर आहे, त्यातच नीतिविचारातील एक मोठा प्रश्न दडलेला आहे. 'केले' म्हटले की कर्ता आला, आणि कर्त्याच्या पाठोपाठ उत्तर देण्याचे दायित्वही आले. 'झाले' म्हटले की कर्ता नाहीसा होतो व मागे केवळ घटना उरते. श्रद्धाळू मनुष्याला तर याहूनही सोयीचे असे तिसरे क्रियापद उपलब्ध आहे. तो म्हणतो, 'देवाने करविले.' या तिसऱ्या क्रियापदाचा अधिकार माणसाला केव्हा आहे आणि केव्हा नाही, याचा विचार करावा असे आम्हांस वाटते. आणि त्यासाठी एका जपानी व्हिडिओ गेमचा आधार घेण्याचे योजिले आहे. वाचकांस हे साधन विचित्र वाटेल. परंतु प्रश्न नीट मांडला गेला असेल तर तो कोणाच्या अंगणात मांडला गेला, याला फारसे महत्त्व नाही.

११ फेब्रुवारी १९९८ रोजी जपानमधील स्क्वेअर या कंपनीने सोनीच्या प्लेस्टेशन यंत्रासाठी 'झेनोगिअर्स' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात त्याची इंग्रजी आवृत्ती अमेरिकेत निघाली. दिग्दर्शक होते तेत्सुया ताकाहाशी, आणि कथालेखनात त्यांच्या पत्नी काओरी तानाका यांचा मोठा वाटा होता. खेळ म्हटला तरी तो सोंगट्यांच्या जातीचा नव्हे. खेळणाऱ्याने एका पात्राची भूमिका अंगावर घ्यावयाची, गावोगाव हिंडावयाचे, लोकांशी बोलावयाचे, लढावयाचे आणि एक दीर्घ कथा शेवटास न्यावयाची, असा हा प्रकार आहे. कादंबरी वाचावी इतका, किंबहुना त्याहून अधिक काळ तो चालतो. यातील माणसे कधी पायउतार होऊन हातघाईने लढतात, तर कधी 'गिअर' नावाच्या प्रचंड मनुष्याकृती यंत्रांच्या पोटात बसून लढतात. यंत्रात बसल्यावर बळ अनेक पटींनी वाढते; मात्र ते बळ इंधनावर चालते आणि प्रत्येक प्रहारागणिक इंधन उणे होत जाते. उसन्या बळाचा हिशेब पडद्यावर सतत दिसत राहतो. हा तपशील साधा आहे, पण पुढील विवेचनात तो ध्यानी ठेवण्याजोगा आहे.

कथेचा आरंभ लाहान नावाच्या एका खेड्यात होतो. फेई नावाचा अठरा वर्षांचा तरुण तेथे राहतो. तीन वर्षांपूर्वी मुखवटा घातलेल्या एका अनोळखी पुरुषाने त्याला जखमी अवस्थेत गावात आणून सोडले. त्यापूर्वीचे त्याला काहीच आठवत नाही. तो चित्रे काढतो, आणि गावाने त्याला आपले मानले आहे. दुसऱ्या दिवशी ॲलिस व टिमोथी या त्याच्या दोघा स्नेह्यांचे लग्न व्हावयाचे असते. त्या रात्री परक्या सैन्याची यंत्रे झुंजत झुंजत गावावर येऊन कोसळतात. गाव वाचवावे या बुद्धीने फेई तेथे पडलेल्या 'वेल्टाल' नामक रिकाम्या यंत्रात चढतो. डोळ्यांदेखत टिमोथी मारला जातो, फेईचे भान सुटते, यंत्रातून एक प्रचंड शक्ती उसळते, आणि ज्या गावासाठी तो लढावयास उभा राहिला तेच गाव बेचिराख होते. ॲलिसही त्यात मरते. तिचा धाकटा भाऊ डॅन वाचतो आणि फेईला सरळ खुनी म्हणतो.

येथे खेळ रचणाऱ्यांनी एक मार्मिक गोष्ट केली आहे. खेळणाऱ्याच्या हातात सर्व बटणे असतात, पण गाव वाचविण्याचे बटण त्यांत नसते. कोणी कितीही निपुण असो, लाहान जळतेच. म्हणजे फेई यंत्रात बसला आहे, आणि फेईला चालविणारा खेळाडू स्वतःही एका ठरलेल्या रचनेत बसला आहे. मग डॅनच्या आरोपाला उत्तर कोणी द्यावयाचे?

या आरोपावर संपूर्ण कथेत मिळून तीन बचाव उभे राहतात, आणि तिन्ही आपल्या परिचयाचे आहेत. पहिला बचाव असा की, दोष यंत्राचा. यंत्र नसते तर एक चित्रकार तरुण गाव जाळू शकला नसता, हे खरेच आहे. परंतु यंत्र आपण होऊन काही इच्छीत नाही. ते बसणाऱ्याच्या अंगी जे असेल तेवढेच मोठे करून दाखविते. कणभर राग असेल तर त्याचा डोंगर करते, मणभर असेल तर त्याचा वणवा. सत्ता, द्रव्य, समूहाचे बळ ही सर्व याच अर्थाने यंत्रे आहेत. त्यांत चढून बसलेला मनुष्य 'माझ्या हाताने एवढे कसे होईल?' असे म्हणू लागला, तर त्याला इतकेच विचारावे की, चढताना बळ हवेसे वाटले, मग त्या बळाचा परिणाम परका कसा?

दुसरा बचाव अधिक सूक्ष्म आहे. तो म्हणतो, ते करणारा मी नव्हतोच, माझ्यातला दुसरा कोणी होता. फेईच्या बाबतीत हे अक्षरशः सत्य आहे. त्याच्या ठायी 'इड' नावाचा एक संहारक पुरुष वास करतो; हे नाव फ्रॉइडच्या मानसशास्त्रातून घेतलेले आहे. फेई लहान असताना त्याच्या आईच्या देहाचा ताबा एका परक्या शक्तीने घेतला आणि त्या आईनेच त्याच्यावर क्रूर प्रयोग केले. ते दुःख सोसवेना म्हणून बालकाच्या मनाने सगळी यातना एका कप्प्यात कोंडली. तोच इड. थोडी सुखाची स्मृती होती ती दुसऱ्या एका भित्र्या अंशाने आपल्यापाशी दडवून ठेविली. आपण आज ज्याला फेई म्हणून ओळखतो तो या दोहोंचे स्मरण नसलेला, निष्पाप दिसणारा तिसरा अंश होय. त्याची निष्पापता विस्मरणातून आलेली आहे. आपल्यातील पुष्कळांची सज्जनताही अशीच असते, हे कबूल करावयास हरकत नाही.

या गाठीचा उलगडा कथेने कसा केला हे पाहण्यासारखे आहे. इडचा वध होत नाही. आई अखेरच्या क्षणी शुद्धीवर आली आणि तिने आपल्या देहाची ढाल करून मुलाला वाचविले, ही स्मृती भित्र्या अंशाने एकट्यापाशी ठेविली होती. ती इडला दाखविली जाते, आणि ज्याला केवळ यातनाच ठाऊक होती त्याला आपल्यावर कोणी प्रेमही केले होते हे कळते. तेव्हा तो संहार सोडतो व तिन्ही अंश एक होतात. ज्ञानेश्वरांच्या पसायदानात दुष्टांच्या नाशाची मागणी नाही. त्यांच्या ठायीचा वाकडेपणा जावा अशी मागणी आहे. त्या मागणीचा अर्थ ज्यांच्या अंतःकरणात मुरलेला आहे त्यांस हा प्रसंग परका वाटणार नाही. मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. एक झालेला फेई इडची कृत्ये नाकारीत नाही. 'तो मी नव्हे' असे म्हणण्याचा मार्ग बंद होणे, हेच त्याच्या बरे होण्याचे लक्षण आहे.

तिसरा बचाव आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा: हे सारे देवाच्या योजनेतच होते. कथेत 'डेयुस' नावाची एक देवता आहे. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थच देव. परंतु हा डेयुस म्हणजे पूर्वीच्या एका मानवसंस्कृतीने ग्रह जिंकण्यासाठी निर्माण केलेले अस्त्र होय. ते अनावर झाले म्हणून एका महाकाय अंतराळनौकेतून नेण्यात येत होते. त्याने ती नौकाच ताब्यात घेतली, कप्तानाने नौकेचा स्फोट घडविला आणि सर्व अवशेष एका अज्ञात ग्रहावर कोसळले. मोडलेल्या अस्त्राने आपली दुरुस्ती व्हावी म्हणून त्या ग्रहावर मनुष्यजाती निर्माण केली. दहा हजार वर्षे माणसे जन्मली, प्रेम केली, राज्ये उभारून लढली, आणि या सर्व काळात ती त्या अस्त्राचे सुटे भाग म्हणून वाढत होती. ज्याला निर्माता म्हणून पुजावे त्याने आपल्याला वापरण्याकरिताच घडविले, असे कळल्यावर माणसाने काय करावे? लेखकांनी येथे दाखविलेले धैर्य असामान्य आहे. 'निर्माता आहे म्हणून वंद्य आहे' हे समीकरण त्यांनी उलगडून तपासले, आणि निर्मिती व प्रभुत्व या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे दाखविले. निर्मात्याच्या हेतूने निर्मिताचे कर्तव्य ठरत नाही.

या कथेतला खरा ईश्वरसदृश भाग तर निराळाच आहे. वरच्या मितीतील एक सत्ता त्या अस्त्राच्या इंजिनात अडकून पडली आहे आणि सुटकेसाठी माणसाची वाट पाहत आहे. म्हणजे देव म्हणून जे मिरवते ते यंत्र, आणि जे काही खरोखर दिव्य आहे ते त्या यंत्रात बंदिवान! देवाच्या नावाने चालणाऱ्या व्यवस्थांचे याहून नेमके चित्र आम्हांस सुचत नाही. कथेतील 'एथॉस' नावाची धर्मसंस्था याचे प्रत्यक्ष उदाहरण आहे. ती वरकरणी लोकसेवा करते, अनाथांना आश्रय देते. पडद्याआड मात्र ती सोलारिस या आकाशस्थ राज्याची हस्तक आहे. तिचा तरुण धर्मोपदेशक बिली रात्री भटकणाऱ्या 'पिशाच्चां'चा नायनाट हे आपले पुण्यकर्म समजतो. ती पिशाच्चे म्हणजे सोलारिसने प्रयोग करून विरूप केलेली माणसेच होती, असे त्याला पुढे कळते. बिलीची निष्ठा खोटी नव्हती. खोटे होते ते ज्याला त्याने निष्ठा वाहिली ते. परंतु मेलेल्या माणसांच्या बाजूने पाहिले तर या भेदाला काय किंमत आहे? म्हणून श्रद्धा शुद्ध असणे पुरेसे नाही. ती कोणाच्या हातातले हत्यार होत आहे हे पाहणे, हेही श्रद्धेचेच अंग आहे.

आता आमच्या सुबुद्ध वाचकांपैकी कोणी आक्षेप घेईल, आणि तो योग्यच ठरेल. गीतेच्या अठराव्या अध्यायातील ६१ व्या श्लोकात, सर्वांच्या हृदयात असणारा ईश्वर प्राणिमात्रांना यंत्रावर बसविल्याप्रमाणे मायेने फिरवितो, असे सांगितलेले नाही काय? अकराव्या अध्यायात अर्जुनाला केवळ निमित्त हो असे म्हटलेले नाही काय? मग फेईचा तिसरा बचाव आपल्याच शास्त्राने मान्य केला असे होत नाही काय?

आमचे उत्तर असे की, ६१ वा श्लोक वाचून ग्रंथ मिटणाऱ्याने गीता अर्धीच वाचली. अवघ्या दोन श्लोकांनंतर, ६३ व्या श्लोकात, श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात की, या सर्वाचा पूर्णपणे विचार कर आणि मग तुझी इच्छा असेल तसे कर. ज्याला आताच यंत्रावर बसलेला म्हटले, त्यालाच लगेच विचार करण्याचा व निवडण्याचा अधिकार दिला! हा विरोध नव्हे. ज्या ईश्वराने विचार करावयास सांगितले तो हृदयात आहे; ज्या डेयुसने विचार काढून घेतला तो देहाबाहेरचे यंत्र आहे. गीतेतला निमित्त झालेला पुरुष अठरा अध्याय प्रश्न विचारून मगच उठतो. जो एकही प्रश्न न विचारता 'मी निमित्तमात्र' म्हणतो, त्याने अर्जुनाचा शब्द तेवढा घेतला. अर्जुनाचा विषाद घेतला नाही.

गोमंतकातील कित्येक देवालयांत कौलप्रसाद घेण्याची प्रथा आहे. मूर्तीला कळ्या किंवा पाने लावावयाची, गाऱ्हाणे घालावयाचे, आणि उजवी पडते की डावी यावरून देवाचा कल जाणावयाचा. या प्रथेतील विनय आम्हांस आदरणीय वाटतो; आपल्या बुद्धीहून मोठे काही आहे हे मानून मनुष्य तेथे हात जोडून उभा राहतो. पण कौल देवाचा असला तरी प्रश्न माणसाचा असतो. भावाचा न्याय्य हिस्सा द्यावा की न द्यावा असा प्रश्न घेऊन जो गाभाऱ्यापुढे उभा राहिला, तो कळी पडण्यापूर्वीच अर्धा चुकलेला आहे. आणि उजव्या कौलानंतर जे कृत्य होते, ते करणारे हात शेवटी त्याचेच असतात.

कोणी असेही विचारील की, क्रेलियन या पात्रावर मग कोणता ठपका ठेवावयाचा? मूर्तीही माणसेच घडवितात! क्रेलियनची कथा करुण आहे. पाचशे वर्षांपूर्वी सोफिया नामक धर्ममातेच्या सहवासात हा कठोर योद्धा मृदू झाला. पुढे तिने आपल्या लोकांना वाचविण्यासाठी प्राण दिले, आणि ज्या जगात असे घडते त्यात देव नाही असा त्याने निष्कर्ष काढला. देव नसेल तर आपणच तो घडवावा, असा त्याने निश्चय केला आणि डेयुसच्या पुनरुज्जीवनाला हात घातला. त्यासाठी असंख्य माणसांचा बळी गेला. आपली मूर्तिपूजा आणि हा उद्योग यांत अंतर काय? आपण मातीचा गणपती घडवितो, प्राणप्रतिष्ठेने देवाला तेथे येण्याची प्रार्थना करतो, आणि दिवस भरताच त्याचे विसर्जन करतो. घडविलेली वस्तू देव नव्हे, तिच्यात आपण देवाला बोलाविले होते, ही जाणीव विसर्जनात स्पष्ट असते. क्रेलियन बोलावीत नाही, बनवितो. आणि बनविलेल्या वस्तूला तो कधी पाण्यात सोडू शकत नाही.

याच संदर्भात आपल्या इतिहासाचे स्मरण होते. १५६० च्या सुमारास पोर्तुगीज सत्तेच्या जाचामुळे कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास नेण्यात आली. भक्तांनी आपले देव नदीपार नेले. तेथे देवाने माणसांना आपले भाग म्हणून वापरले नव्हते. माणसांनी देवाला प्रेमाने आपला भार मानले होते. ज्याला वाहून नेण्यासाठी मनुष्य आपण होऊन घरदार सोडतो तो देव, आणि जो स्वतः चालावा म्हणून माणसांना भरडतो तो डेयुस. हा भेद ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या आचरणात जपला आहे, त्याला तो शब्दांत सांगण्याची गरज क्वचितच पडते. पण प्रसंग येतो तेव्हा शब्दही हाताशी असावेत.

कथेचा शेवट तत्त्वविचाराच्या दृष्टीने सर्वांत धीट आहे. क्रेलियन फेई व त्याची प्रिया एली यांच्यापुढे एक मोह ठेवितो: सर्व जीव ज्या मूळ सत्तेतून आले तिच्यात परत विलीन व्हावे, तेथे वियोग नाही, दुःख नाही, कोणी कोणाला दुखवीत नाही. मोक्षाची ओढ असलेल्या आपल्या मनाला हा मोह प्रथमदर्शनी मोह वाटणारच नाही. तरीही ते दोघे नकार देतात, आणि आमच्या मते त्यांचे बरोबर आहे. ज्याची जळालेली गावे मागे पडली आहेत, ज्याच्यावर डॅनसारख्याचे देणे आहे, त्याने विलीन होण्याची घाई करणे म्हणजे धनकोला चुकवून यात्रेला निघणे होय. देवऋण, ऋषिऋण व पितृऋण फेडल्यावाचून मोक्षाकडे मन लावू नये, असे आपल्या स्मृतिकारांनी सांगून ठेविले आहे ते उगाच नव्हे. फेई क्रेलियनलाही परत बोलावितो. तो येत नाही. आपला अपराध माणसांत राहून भोगण्याचे धैर्य त्याला नाही; म्हणून तो देवाकडे जातो.

निसान नावाच्या नगरातील प्रार्थनामंदिरात दोन देवदूतांच्या मूर्ती आहेत. दोघांनाही एकेकच पंख. देवाला माणूस परिपूर्ण घडविता आला असता, पण मग कोणी कोणाला हात दिला नसता, असे तेथील लोक मानतात. योगायोग असा की, हा खेळच एका पंखाचा आहे. मंडळी बरीचशी नवखी होती आणि मुदत सुमारे दोन वर्षांची होती, असे ताकाहाशी यांनी पुढे सांगितले. त्यामुळे दुसऱ्या तबकडीचा मोठा भाग खेळावयास न मिळता, फेई खुर्चीवर बसून निवेदन करतो आहे, अशा रूपाने उरकलेला आहे. काही खेळाडूंनी याबद्दल नाराजी दाखविली, आणि ती रास्त आहे. तरीही अपुरेपणा न लपविता त्यातूनच आपले म्हणणे शेवटास नेणारी कृती, निर्दोष पण मूक कृतीपेक्षा आम्हांस अधिक मोलाची वाटते.

सारांश इतकाच. आपण सर्व कोणत्या ना कोणत्या यंत्रात बसलेले आहोत: कुळाच्या, संस्थेच्या, राज्याच्या, आणि कधी देवाच्या नावाने चालणाऱ्या व्यवस्थेच्या. यंत्र निवडण्याचे स्वातंत्र्य पुष्कळदा नसते, आणि लाहान गाव वाचविण्याचे बटण तर कधीच नसते. परंतु गाव जळाल्यानंतर यंत्रातून खाली उतरून डॅनसमोर उभे राहणे, हे प्रत्येकाच्या हाती असते. 'देवाने करविले' हे वाक्य आपल्या हातून सत्कृत्य झाल्यावर म्हणावे. त्याने अहंकार गळतो. दुष्कृत्यानंतर मात्र 'मी केले' एवढेच म्हणावे. ईश्वराचे नाव आपल्या बचावासाठी पुढे न करणे, हीही त्याची एक पूजाच होय.